पाडून टाका म्हणणाऱ्या मुमताजबी

चिंचवडची जुनी सूतगिरणी ठेवायची की पाडायची, हे विचारायला नव्या मालकांनी जुन्या कामगारांची बैठक घेतली. सगळे एका सुरात म्हणाले, ठेवा. एकट्या मुमताजबी उठून म्हणाल्या, "पाडून टाका."

शेजारी बसलेल्या यशोदाबाईंनी त्यांचा पदर ओढला. वाइंडिंग खात्यात, कांड्यांवरचं सूत कोनांवर गुंडाळताना, दोघींनी शेजारशेजारच्या मशिनांवर उमर काढली होती.

"अगं, आपलं अन्न व्हतं ते."

"होतं की. पण माझा डावा कान तिथंच मशिनांच्या दणक्यात गेला, उजवाही अर्धाच उरला. नात काय बोलते ते कळायला तिच्या तोंडाकडं बघावं लागतं. अशा भिंती कशाला जपायच्या?"

यशोदाबाई रुसल्या. त्यांचं सांगवीला मुमताजबींच्या घरी येणं बंद झालं. ईदला मुमताजबींनी सुनेच्या हाती शीरखुर्मा धाडला, तर डबा रिकामाच परत आला. यशोदाबाईंनी आजवर कधी रिकामा डबा धाडला नव्हता.

गिरणी राहिली. भोवती टॉवर उठले आणि करवतीच्या दात्यांसारख्या त्या छपराखाली संग्रहालय झालं. काम बघणाऱ्या तेजस्विनी नावाच्या आर्किटेक्टनं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोघींना बोलावलं.

मुमताजबी आत शिरल्या, तेव्हा यशोदाबाई आधीच आल्या होत्या. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, मधोमध दुरुस्त केलेलं एकच मशीन. सगळं शांत. यशोदाबाई त्यांच्या उजव्या कानाशी आल्या. "कशी हायस गं?"

मुमताजबी थबकल्या. या छपराखाली दोघी कायम हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलल्या होत्या. यशोदेचा आवाज इथं त्यांना पहिल्यांदाच ऐकू आला.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. मग तेजस्विनीकडं वळल्या. "छान केलंस, पोरी. पण गिरणी अशी नव्हती. उद्या भाषणाच्या वेळी मशीन चालू ठेव."

"पाहुणे चिडतील, आजी."

"चिडू देत की," यशोदाबाईच म्हणाल्या. "आमी न्हाई का सोसलं?"

तेजस्विनीनं जरा विचार केला आणि हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी माईक हातात घेतला आणि मशीन सुरू झालं. एक शब्द कुणाला कळेना. लोकांनी कानांवर हात धरले. कुणीतरी "बंद करा!" म्हणून ओरडलं, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. त्या दणक्यात दोघी म्हाताऱ्या हातवारे करून एकमेकींच्या सुनांविषयी बोलत राहिल्या.

आता दर रविवारी थोडा वेळ मशीन चालवतात. टॉवरमधल्या लोकांनी तक्रार केली, म्हणून दारं लावून घेतात आणि बघायला येणाऱ्यांसाठी दाराशी कानात घालायला कापसाचे बोळे ठेवतात. मुमताजबी एकदाच गेल्या. त्यांनी एक बोळा चिमटीत धरून बघितला, परत ठेवला आणि यशोदाबाईंना घेऊन बाहेर चहाला गेल्या.