सिस्टरचा चहा

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर कप घेऊन वॉर्डात आल्या की पेशंट तोंड फिरवायचा. ऑपरेशनच्या दिवशी माणूस उपाशी. त्याला चहा मिळाला म्हणजे आजचं ऑपरेशन गेलं. अपघाताची केस आली की 'इलेक्टिव्ह'वाल्यांनी थांबायचं, असा नियमच होता. हर्निया, गुडघा, पित्ताचे खडे. दुखतं खूप पण जीव जात नाही, म्हणून पुढे ढकलता येतं, ते सगळं इलेक्टिव्ह. ही बातमी सिस्टर दुसऱ्या कुणाच्या हाती कधी पाठवत नसत. स्वतः चहा करून नेत, शेजारी बसत, बोलणी खात. "इलेक्टिव्ह आहे हो काका, आज नाही तर पुढच्या आठवड्यात," हे त्यांचं ठरलेलं. एकदा एका आजींनी कप बाजूला सारला. म्हणाल्या, "मी थांबते इथेच. कधीतरी रिकामं होईलच ना तुमचं टेबल!" सिस्टरना हसू आलं होतं. त्यांनी आजींची समजूत घालून त्यांना घरी पाठवलं.

मग सिस्टरच्याच उजव्या मनगटातली नस दबली. बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत त्यात कात्री ठेवणाऱ्या या बाई, आणि आता त्यांच्या हातून चिमटे खणकन खाली पडत. मनगटाचं ऑपरेशन लांबलं तर बोटं कायमची बधिर राहून थिएटरमधलं काम सुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी दोनदा त्यांनी आपण होऊन तारीख सोडली. इलेक्टिव्हच तर होतं!

तिसऱ्यांदा त्या उपाशीपोटी, गाऊन घालून कॉटवर बसल्या होत्या. दारात त्यांच्याच हाताखाली शिकलेली धाकटी सिस्टर कप घेऊन उभी राहिली. अगदी रडकुंडीला आली होती बिचारी.

"मॅडम, बसचा अपघात झालाय. तिघं आलेत..."

"मग त्यांना घ्या आधी. विचारतेस काय?"

सवयीनं त्यांनी कप हातात घेतला. तो गरम आहे हे बोटांना कळलंच नाही, वाफ दिसली तेव्हा कळलं. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. आजी आठवल्या. तेव्हा आपण हसायला नको होतं, असं वाटून त्यांना स्वतःचा रागच आला.

त्यांनी कप परत दिला. "तूच पी. मी थांबते इथेच."

संध्याकाळी डॉक्टर थकून, टोपी काढत बाहेर आले. "सिस्टर, अजून इथेच? उद्या बघू या ना."

"सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नाही मी," असं म्हणून सिस्टरनी उजवा हात पुढे केला.

डॉक्टरांनी टोपी परत डोक्यावर चढवली.