कॅसेटमधल्या बाई

नव्वदच्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात व्हिडिओवर लेक्चरं दाखवायला लागले आणि फिजिक्सच्या, म्हणजे माझ्याच विषयाच्या, त्या बाई माझ्या डोळ्यांत खुपू लागल्या. नाव कधी कळलं नाही. प्रश्न विचारला की चष्मा वर सरकवून त्या जरा थांबायच्या, आणि पोरं चक्क टीव्हीला उत्तर द्यायची! मी विचारलं की हीच पोरं खिडकीबाहेर बघायची. "नाही कळलं? पुन्हा सांगते," बाई हसून म्हणायच्या. हसायला त्यांचं काय जातंय? समोर ही कार्टी थोडीच होती!

एका शुक्रवारी नेहमीप्रमाणे लाइट गेली. मी खुशीत खडू उचलला. पहिल्या बाकावरची मुलगी अजिजीने म्हणाली, "सर, थांबूया ना. बाईंचं वाक्य अर्धं राहिलंय."