परतीची गाडी कोणती?

त्या वर्षांत मी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात गरमी या गुप्तरोगाच्या रोग्यांची मोजणी करायचो. रोग कोणत्या तालुक्यात वाढतोय ते पाहून सुया कुठे धाडायच्या हे ठरायचं. माझ्या आकड्यांत सगळे रोगी आरमोरीचे. इतके, की तिथले बैलसुद्धा रांगेत उभे असावेत. शेजारचं मूल गाव मात्र देवघरासारखं निर्मळ!

एकदा गाव आरमोरी सांगणारा एक जण सुई टोचून घेऊन दारातच घुटमळला.

"भाऊ, बायकोले दिवस हायेत. तिलेबी सुई लागंल का?"

"लागंल म्हंजे? पोटातल्या लेकराच्या जिवाचा प्रश्न हाये. आरमोरीच्या दवाखान्यात ने, तिथी सुयांचा ढीग पडला."

"आरमोरी लय दूर पडते, भाऊ. तिले एवढा प्रवास झेपत नाई."

"काऊन? तुयंच गाव ना?"

मी दुसऱ्या बाजूनं शिरलो. "परतीची गाडी कोणती?"

"मूलची. शेवटची हाये, सुटून जाईन ना!"

तेव्हापासून मी गाव विचारणंच सोडलं, गाडी विचारू लागलो. असल्या रोगात लाजेपायी गावाबद्दल माणूस शंभर थापा मारतो, पण शेवटच्या गाडीबद्दल खोटं बोलायची कोणाची छाती नाही. महिनाभरात आरमोरी ठणठणीत झाली आणि मूल अंथरुणाला खिळलं. साहेब चक्रावले, पण सुयांची पेटी मूलला गेली.

काही दिवसांनी तो पुन्हा आला, हसतच.

"भेटली सुई बायकोले, मूललेच. पण भाऊ, तिथी तिनं गाव कोणतं सांगतलं असंल?"

"कोणतं?"

"आरमोरी!"