पाचूच्या तळ्यातलं माणगें

डिचोलीजवळच्या आमच्या वाड्यावर सगुण परबांइतका निसर्गाबद्दल बोलणारा माणूस नव्हता. हे प्रेम त्यांना पन्नाशीनंतर जडलं. त्याआधी खाणीची माती वाहणाऱ्या ट्रकांचे ते मालक होते आणि घरासमोरची अख्खी टेकडी त्यांच्याच ट्रकांतून धक्क्यावर गेली होती. गोवा राज्य झालं, तेव्हा मिरवणुकीत त्याच ट्रकवर उभे राहून ते "आमची भूंय, आमची माती!" असं घसा बसेपर्यंत ओरडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माती बार्जवर चढवायला निघाले.

पुढे खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात गंजत राहिले. टेकडीच्या जागी उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं आणि हिरवंगार दिसू लागलं. सगुणशेट त्याच्याकडे बघत सरकारला शिव्या घालत बसायचे.

त्यांची सून गौरवी पणजीला हॉटेलात कामाला होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, पर्यटकांना आता नुसता समुद्र पुरत नाही. रान, डोंगर, थोडी भीती, असं काहीतरी हवं असतं."

"भीती? ती देऊ की," सगुणशेट म्हणाले.

महिन्याभरात रस्त्यावर पाटी लागली : 'पाचूचं तळं – निसर्ग, वन्यजीव, वारसा, साहस'. खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग चढाईचं शिखर झाला. ट्रक तोलायची पडकी खोली पोर्तुगिजांची चौकी झाली. वन्यजीव तेवढा राहिला.

"तो कुठून आणणार?" त्यांची बायको सुमंगला म्हणाली. "तिथं बेडूक आहेत आणि शेजारच्या देवकीची म्हैस."

"माणगें आहे म्हणून सांगायचं. मगर शोधायला पाण्यात कोण उतरतोय?"

आणि खरंच कोणी उतरलं नाही. सगुणशेट पाहुण्यांना होडीत बसवून तळ्याच्या मध्यावर न्यायचे, वल्हं थांबवून कुजबुजायचे, "हलू नका. बघतंय ते." दूर कडेला काहीतरी काळं पाण्यात डुंबताना दिसायचं. पाहुण्यांच्या अंगावर काटा यायचा. ती देवकीची म्हैस असायची. रविवारी म्हैस तळ्यावर आणायला चुकायचं नाही, शिंगं झाडाआड राहतील अशीच बांधायची, असं त्यांनी देवकीला बजावून ठेवलं होतं. या तळ्यात मगरीचं कूळ पिढ्यान्‌पिढ्या राहतं, असं त्यांनी जाहिरातीतही छापून घेतलं.

त्या पावसाळ्यात शेजारचा ओहोळ तुडुंब भरला आणि त्याचं पाणी तळ्यात घुसलं. चार दिवसांनी देवकी धावत आली. "सगुणशेट, तळ्यात माणगें आलंय!"

"मला काय सांगतेस? मीच जन्माला घातलंय ते," ते हसून म्हणाले आणि पुण्याहून आलेल्या अविनाश आणि योगिता या जोडप्याला घेऊन होडीत बसले.

तळ्याच्या मध्यावर त्यांनी नेहमीसारखं वल्हं थांबवलं. "हलू नका. बघतंय ते." तेवढ्यात होडीशेजारच्या ओंडक्यानं डोळे उघडले. सगुणशेटांच्या हातातलं वल्हं पाण्यात पडलं. "देवा म्हाराजा!" असं किंचाळत ते होडीच्या तळाशी, योगिताच्या पायांशी अंगाचं मुटकुळं करून पडले. अविनाशनं हातांनी पाणी मारत कशीबशी होडी काठाला लावली.

"काका, काय अभिनय करता हो तुम्ही! आणि ती मगर रबराची ना?" योगितानं विचारलं.

संध्याकाळी ते वनखात्याच्या कचेरीत गेले. "माणगें पकडा आणि दूर कुठंतरी सोडा."

अधिकाऱ्यानं जाहिरात समोर धरली. "तुम्हीच म्हणता, मगर इथली पिढीजात आहे. मग तिला घरातून कशी काढणार? होड्या मात्र आजपासून बंद."

तळ्याला कुंपण पडलं. पाण्यात उतरायला मनाई झाली, माणसांना आणि गुरांनाही.

देवकी तडक सगुणशेटांच्या अंगणात आली. "खोटं तुम्ही बोललात आणि म्हशीसाठी विहिरीचं पाणी मी ओढायचं?"

"बाय, निसर्गासाठी थोडा त्याग करावाच लागतो," सगुणशेट म्हणाले.

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की साखळीच्या एका शाळेनं पर्यावरणावर बोलायला बोलावलं तेव्हा त्यांनी भाषणाची सुरुवात त्यानंच केली. आता आसपासच्या शाळा त्यांना नेमानं बोलावतात. मुलं टाळ्या वाजवतात, हेडमास्तर शाल घालतात. देवकी त्या वेळी विहिरीवर असते.