डोकेदुखीचे डॉक्टर

डॉक्टर योहानच्या दवाखान्यातल्या लिसी सिस्टरचा फोन आला तेव्हा मी मासे साफ करत होते. "माँजी, डॉक्टर गए," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. हृदयविकाराने गेले. रुस्ताकहून मस्कतच्या इस्पितळात नेईपर्यंत खलास. मी हात धुतले आणि सुनेला सांगितलं. प्राची इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून म्हणाली, "आई, आता त्यांच्याबद्दल सगळे खोटं बोलतील." तसंच झालं. राग उतरला की लिहू, म्हणून काही आठवडे थांबले. तो उतरला नाही.

डॉक्टर योहान जर्मनीचे. आधी बरीच वर्षं इथे ओमानमध्ये सरकारी इस्पितळात होते, मग रुस्ताकला बाजाराच्या मागे त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला. ते नसांचेही डॉक्टर होते आणि मनाचेही. दोन्ही शिकलेले. पण आपल्या लोकांनी त्यांना डोकेदुखीचे डॉक्टर करून टाकलं. कोणाला झोप नाही, कोणी भिंतीशी बोलतो, कोणाला कामावर जायच्या नुसत्या विचाराने घाम फुटतो... पण लिसी सिस्टरने काय होतंय विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, सिरदर्द. लेबर कॅम्पातला प्लंबर आणि मस्कतचा मॅनेजर, या बाबतीत दोघे सख्खे भाऊ. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघायचे, डोळ्यांत बॅटरी मारायचे आणि हळूच विचारायचे, "घर में कौन-कौन है?" तिथून खरं बोलणं सुरू व्हायचं. हिंदी ते वॉर्डबॉयांकडून शिकलेले, त्यामुळे बाईलाही "आओ भाई" म्हणायचे.

मी इथे आले ती सुनेच्या बाळंतपणासाठी. मुलगा संदेश वीजकेंद्रात नोकरीला. नातू झाला आणि आठवड्याभरात प्राची त्याला हात लावेना. म्हणाली, हे माझं बाळ नाही, कोणीतरी बदललंय. झोप पार उडाली. एका दुपारी मी आंघोळीला गेले, तेवढ्यात तिने बाळाला दाराबाहेर उन्हात ठेवलं. मला म्हणाली, "ज्यांचं आहे ते नेतील." संदेशचे मित्र म्हणाले, विमानात बसव, माहेरी पाठव, कंपनीत कळता कामा नये. गावाहून जावेचा फोन आला, बाहेरचं दिसतंय, अंगारा पाठवते. मी म्हटलं, अंगारा नको, तू ये आणि लंगोट धू. लिसी आमच्या शेजारी राहायची. तिने कोणाला काही न विचारता आम्हाला गाडीत घातलं.

दवाखान्यात संदेश म्हणाला, "डॉक्टर, शी हॅज हेडेक." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची प्राचीकडे वळवली आणि गप्प बसले. इतके की मला वाटलं म्हाताऱ्याला डुलकी लागली. शेवटी प्राचीच बोलली, बाळ बदललंय. "किसने बदला?" त्यांनी विचारलं. पोलीस विचारतो ना, पाकीट कोणी मारलं, तसं. हसले नाहीत, समजावलं नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग मला म्हणाले, "माँजी, ये बीमारी है. बच्चे के बाद किसी-किसी को होती है. ठीक होती है. अभी न बच्चा अकेला, न ये अकेली." त्यांनीच तिला मस्कतच्या इस्पितळात भरती केलं आणि स्वतः जाऊन बघत राहिले. ईद आली तोवर प्राची बाळाला मांडीवर घेऊन शेवया खात होती.

पुढे ती तपासणीला जायची तेव्हा मीही जायचे. एकदा गेलो तर डॉक्टर लालबुंद. इब्र्याहून एक सुतार त्यांच्याकडे यायचा, आपल्या कोकणातला. दर वेळी डोकेदुखीच सांगायचा. त्या महिन्यात तो आला नाही, त्याच्या कॅम्पातून बातमी आली... पुढचं मी लिहीत नाही. "सिर ठीक था उसका!" डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, लाड तुम्हीच केलेत. ते डोकं म्हणतात आणि तुम्ही हातोडी काढता." लिसीने मला कोपर मारलं. डॉक्टर म्हणाले, माँजी बराबर बोलती है.

मग त्यांनी त्यांच्या आत्याचं सांगितलं. ती मनाने आजारी होती. घरच्यांनी लाजेपोटी तिला लांबच्या इस्पितळात ठेवलं आणि गल्लीत सांगितलं, शहरात नोकरी करते. लढाईच्या दिवसांत तिथल्या सरकारने अशा रोग्यांना बसमध्ये घालून नेलं आणि मारलं. डॉक्टरांच्या हातून मारलं. घरी कळवलं, न्यूमोनियाने गेली. "पूछनेवाला कोई नहीं था, माँजी. पड़ोस में तो वो नौकरी पे थी." ते आधी नसांचं शिकले होते, पण आत्यामुळे तिथे थांबले नाहीत, मनाचंही शिकले. त्यांच्या देशात कुलपातले वॉर्ड सांभाळले, ते सहन होईना म्हणून इकडे आले. आणि इथे भेटलो आम्ही, डोकेदुखीवाले.

मस्कतला आपल्या लोकांनी हॉल घेऊन शोकसभा केली. फोटो, हार, माईक. एकेक जण उठून सांगत होता, माझी अर्धशिशी गेली, माझी मान मोकळी झाली. एक म्हणाला, त्यांच्या हातोडीत जादू होती. त्या माणसाला मी त्याच दवाखान्याच्या बाकावर हुंदके देताना बघितलं आहे. त्याचं नाव सांगणार नाही, पण त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. प्राची उठली. संदेशने तिचा हात धरला, "बस ना. ऑफिसचे लोक आहेत. पोरगा यांच्याच पोरांबरोबर शाळेत जातो." मी म्हटलं, "हात सोड तिचा." त्याने सोडला. प्राची माईकवर म्हणाली, "बाळंतपणानंतर मला वेड लागलं होतं. मी माझं मूल उन्हात ठेवलं होतं. डॉक्टर योहान मनाचे डॉक्टर होते, त्यांनी मला बरं केलं. माझं डोकं कधीही दुखत नव्हतं." मग सभेचे प्रमुख उठले आणि म्हणाले, "चहाची सोय मागच्या बाजूला आहे."

चहाला आमच्याजवळ कोणी आलं नाही. एक बाई आपल्या मुलीला माझ्या नातवाजवळून हाताला धरून घेऊन गेली. याच बाईने मागे मला लिसीचा नंबर मागितला होता, बहिणीसाठी म्हणून. परतताना संदेश गाडी चालवत होता. वाटेतलं बरका गाव मागे टाकल्यावर म्हणाला, "आधी मीच बोलायला हवं होतं." मी म्हटलं, हो.

परवा खाबुऱ्याहून एका बाईचा फोन आला. नाव सांगेना. "मावशी, तुमच्या सुनेशी बोलायचं होतं... आमच्या ह्यांना जरा डोकेदुखीचा त्रास आहे." माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, "डोकेदुखी असेल तर गोळी दे आणि फोन ठेव. दुसरं काही असेल तर बोल. आणि डॉक्टर जिवंत होते तेव्हा कुठे होतीस गं?" पलीकडे टीव्हीवर कार्टून चाललेलं, एक लहान मूल हसत होतं... तिने फोन ठेवला नव्हता. म्हणून मीही ठेवला नाही. मग ती म्हणाली, "ते खोलीतून बाहेरच येत नाहीत हो. कंपनीत मी सांगितलंय, गावी गेलेत."

"पत्ता सांग," मी म्हटलं आणि प्राचीला हाक मारली.