शेळीचा भूतकाळ

हे गेले तेव्हा मी खाली कँटीनमध्ये चहा घेत होते. दवाखान्याच्या त्या लोखंडी बाकावर बसून बसून इतकी दमले होते, की समोर येऊन उभी राहिलेली सिस्टर काय सांगतेय ते मला आधी कळलंच नाही. ‘काकू, जरा वर चला,’ म्हणाली. मी म्हटलं, चहा संपवून येते. आणि खरंच संपवला... त्याला आता दीडेक महिना होईल. भेटायला लोक येतात, तेव्हा बघते, माणूस गेला की बोलणाऱ्यांची क्रियापदं लगेच बदलतात. ‘फार शिस्तीचे होते हो’, ‘किती बोलायचे’. माझी काही बदलत नाहीत. परवा पाहुण्यांचा चहा टाकताना ‘यांना साखर कमी लागते’ असं बोलून गेले, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता एवढ्यातेवढ्याला कुठे जीभ आवरत बसू? आणि गंमत म्हणजे याच भूतकाळापायी यांनी गेलं वर्षभर आमचं घर डोक्यावर घेतलं होतं. तोही साधा मराठी नाही. स्पॅनिश!

आमची अश्विनी चाकणला एका स्पॅनिश कंपनीत इंजिनिअर होती. कंपनीने तिला तिकडे पाठवलं, तिकडेच तिने लग्न केलं आणि आमची नात मीरा तिकडेच झाली. मीराला मराठी कळतं थोडंफार, बोलता मात्र येत नाही. हे चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीतून, क्वालिटीतून, रिटायर झालेले. रिटायर माणसाला दिघीत काय उद्योग? मोबाइलवर बघून बघून स्पॅनिश शिकायला लागले. दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मोबाइल डब्याला टेकवायचा आणि आजोबा-नातीच्या गप्पा सुरू. पण यांना येत होता फक्त वर्तमानकाळ. त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावाकडचं सगळं लहानपण वर्तमानकाळातच चालायचं. मी ओढ्यात पोहतो. मी अनवाणी शाळेत जातो. माझ्याकडे एक शेळी आहे, तिचं नाव चांदी. मी भाजी निवडता निवडता विचारायचे, काय सांगतायत गं एवढं? पलीकडून अश्विनी हसत हसत मला मराठीत सांगायची.

मग नाताळच्या सुट्टीत लेक-नात आल्या. मीरा गाडीतून उतरली ती वर न येता थेट पार्किंगमध्ये पळाली. एकेका गाडीच्या मागे वाकून बघतेय. आमचा वॉचमन अकोल्याकडचा. तो वरपर्यंत आला विचारायला, ‘काका, ही बेबी कवाची काब्रा काब्रा करून राहिली, काय हरवलं का तिचं?’ काब्रा म्हणजे शेळी. अगंबाई, मला हसू आवरेना. पण पोरगी रडकुंडीला आली होती. गच्चीवर नेऊन दाखवलं, मागच्या मैदानात नेऊन दाखवलं, चांदी कुठे असणार? शेवटी आईच्या कुशीत शिरून काहीतरी पुटपुटली. अश्विनी सांगेना. हेच म्हणाले, ‘मला कळलं. आजोबा खोटं बोलतात, असं म्हणाली.’ सगळा जन्म मालातली खोट काढण्यात घालवलेला माणूस, त्याला नातीने खोटारडा ठरवलं. मी म्हटलं, अहो, लहान आहे, विसरेल. ‘ती विसरेल गं, मला नाही विसरता येणार,’ म्हणाले. सुट्टी संपून दोघी परत गेल्या आणि यांनी भूतकाळ मनावर घेतला.

बी विंगमधली श्रुती हिंजवडीत स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन घेते. आठवडाभर कंपनीच्या कॅबमध्ये ट्रॅफिक खाऊन बिचारी एका रविवारी झोपणार, तर हे सकाळीच तिच्या दारात. तीही गोड, यायची. मग माझ्या पोह्यांच्या फोडणीवर आब्ले, आब्लास्ते, आब्लो... मी बोललो, तू बोललास, तो बोलला. ‘तो’वाला आब्लो म्हणताना शेवटी जोर द्यायचा, नाहीतर त्याचा अर्थ ‘मी बोलतो’ होतो म्हणे. हे जोर द्यायचे तो टेबलावर मूठ आपटून. माझ्या बशा नाचायच्या! आणि एक चूक काही केल्या जाईना. भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, असं आपल्यासारखं खाल्लेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद फिरवायला जायचे. श्रुती म्हणायची, ‘काका, भाकरीला विचारायचंच नाही. कोणी खाल्ली तेवढं बघा.’ हे एकदम खूश. ‘ऐकलंस का? आपल्यात मी खाल्ली तरी क्रियापद जातं भाकरीच्या मागे. यांच्यात करणारा माणूस क्रियापदातच बसलेला असतो!’ मी म्हटलं, बसू दे, तुम्ही आधी अंघोळीला उठा.

पावसाळ्याच्या आगेमागे यांना धाप लागायला लागली. हृदयाचं पंपिंग कमी झालंय म्हणाले डॉक्टर. दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. गोळ्यांच्या वेळा, बिनमिठाचं जेवण, रिक्षा... मी पार पिचून गेले होते, आणि हे पडल्या पडल्या ओठ हलवतायत. मला वाटायचं रामनाम घेतायत. कसलं कप्पाळ! विकलं, विकलंस, विकलं. एकदा श्रुती भेटायला आली तर तिला विचारतात, ‘मेली’ला काय म्हणायचं? ती जरा घुटमळली. म्हणाली, काका, ते अनियमित आहे, आपलं अजून नियमितच चाललंय. जाणं, असणं, मरणं, सगळी अनियमित. ‘मग राहू दे,’ हे म्हणाले. ‘विकली एवढंच सांगतो.’

आणि सांगितलं. मधे काही दिवस घरी आणलं होतं, तेव्हाच्या रविवारी. दोन शब्द बोलले की थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा पुढे. मी मागे उशी धरून उभी. ला बेंदियो मी पाद्रे. तिला माझ्या वडिलांनी विकली. वडिलांना पिंपरीत कंपनीत नोकरी लागली, सगळं बिऱ्हाड इकडे आलं, एका खोलीत शेळी कुठे ठेवणार? हे मला माहीत होतं. मग मीराने काहीतरी विचारलं आणि हे म्हणाले, ‘यो योरे.’ बस, तेवढंच. अश्विनी यांच्याकडेच बघत राहिली. मी म्हटलं, अगं सांग ना. तर म्हणाली, ‘मी रडलो, म्हणाले बाबा.’ एवढा संसार झाला आमचा, सासू-सासऱ्यांच्या वेळीसुद्धा या माणसाच्या डोळ्यात मी पाणी बघितलं नाही, आणि हे मला कळलं ते असं, स्पेनमधून फिरून. राग आला मला. खरंच आला. पण समोर मीरा मान डोलावत होती. तिने शेळीचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि आजोबांना एक पापा दिला, स्क्रीनवरच. यांचा चेहरा बघायला हवा होता... त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं, ते शेवटचंच.

दिवसकार्याला अश्विनी एकटीच येऊन गेली. मीराला तिने आपल्या परीने सांगितलंय, कसं ते मी विचारलं नाही. गेल्या रविवारी दुपारी फोन वाजला. मला ना स्पॅनिश येतं, ना अंगात त्राण होतं, तरी उचलला. मीरा माझ्याकडे न बघता माझ्या मागे, रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘आजोबा ई यो आब्लामोस लोस दोमिंगोस.’ मी लेकीकडे बघितलं. अश्विनी म्हणाली, ‘आजोबा आणि मी रविवारी...’ आणि अडकली.

‘रविवारी काय? बोलतो, की बोललो?’ मी विचारलं.

‘सांगता येत नाही गं आई. ‘आम्ही’ असलं की या क्रियापदाला दोन्हीकडे एकच रूप. बोलतो पण आब्लामोस, आणि बोललो पण आब्लामोस. थांब, तिलाच विचारते.’

‘नको,’ मी म्हटलं. ‘अजिबात विचारू नकोस.’