वीस म्हातारे आणि एक खुलासा

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण आधी तोंडातला चहा गिळा!

अडतीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांना घाम फोडला, पण खुलासा छापायची वेळ एकदाही येऊ दिली नाही. ती आली कधी? निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात, सिंगापुरात, बर्म्युडा घालून!

तिथल्या बेडोक भागात लेकीच्या फ्लॅटवर राहत होतो. लेक-जावई सकाळीच ऑफिसला पळत. मागे मी, बायको आणि माझा संताप. पण संतापायचं कशावर? रस्त्यात खड्डा नाही, बस वेळेवर. शेवटी मी जावयाच्या टोस्टरशी भांडू लागलो.

एक दिवस दहाव्या मजल्यावरून खाली पाहिलं आणि अंगात वीज संचारली! मैदानात उंच खांब, खांबांवर आकडे. खाली वीसेक म्हातारे, प्रत्येकाजवळ कापडात गुंडाळलेलं गाठोडं. सगळे चिडीचूप.

"सुलभा, धरणं! म्हातारे बिऱ्हाड घेऊन बसलेत!"

"अहो, आधी चष्मा घाला."

चष्मा? लिफ्टमध्येच नितीनला मेसेज ठोकला. माझ्या हाताखाली तयार झालेला, आता संपादक आहे. 'सिंगापुरात वृद्धांचं मौन धरणं. जागा ठेव.'

खाली बनियनमधले एक चिनी अंकल बसले होते. वही उघडून मी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या मागण्या काय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"घाबरू नका, नाव छापणार नाही!"

"सिट लाह," इंग्रजीला तिथलं शेपूट लावत त्यांनी पायानं एक स्टूल सरकवलं.

बसलो. गुप्त सूत्र हाती लागलं होतं ना!

अंकलनी गाठोड्याचं कापड काढलं. आत बांबूचा पिंजरा, पिंजऱ्यात कवड्यासारखा पक्षी! दोरी ओढत त्यांनी पिंजरा खांबावर चढवला, झेंडा चढवावा तसा. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. वर कुणीतरी हलकेच घुमलं. लांबून उत्तर आलं. ऊन पावलांवरून गुडघ्यांवर आलं. म्हातारे माना वर करून ऐकत होते, जणू प्रत्येकाला आपापल्या गावाहून निरोप येत होता. माझ्या वहीत 'मागण्या' एवढाच शब्द. पुढे काय लिहायचं होतं, तेच आठवेना. आठवावंसंही वाटेना.

तेवढ्यात नितीनचा फोन खणखणला.

"सर, तुमच्या नावानं वेबसाइटवर टाकलीसुद्धा! लोक विचारतायत, मागण्या काय?"

"काढ ती! आत्ताच्या आत्ता!" मी ओरडलो.

सगळे पक्षी गप्प. वीस म्हातारे माझ्याकडे वळले.

अंकलच्या पायाशी एक पिंजरा अजून झाकलेलाच होता. विषय बदलावा म्हणून कुजबुजलो, "हा का नाही चढवला?"

"नवा आहे. तीन महिने झाले आणून. दिवसभर नुसता ओरडतो, गात नाही. म्हणून झाकतो. होईल शांत." मग मला न्याहाळत त्यांनी विचारलं, "तू रिटायर होऊन किती झाले?"

"तीन महिने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. "सेम लाह."

खुलासा मीच लिहून पाठवला: 'सदर वृद्धांच्या कोणत्याही मागण्या नाहीत.' अडतीस वर्षांतलं माझं सगळ्यात खरं वाक्य, आणि छापलं कुठे, तर खुलाशात!

आता रोज खाली जातो. ते स्टूल माझंच झालंय, बोलायचं नाही या अटीवर. मला गाणं अजून फुटलेलं नाही. पण घरी टोस्टरपाशी माझा आवाज चढला, की झाकलेल्या पिंजऱ्याची गोष्ट ऐकलेली सुलभा टेबलक्लॉथ उचलते.